पोटखराब्यातील पाणमांजर : मावळच्या ओढ्यांचा दुर्लक्षित इतिहास

(दीर्घ धागा)

१. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्रासोबत एक लहानसा रकाना असतो : पोटखराबा. शेताच्या पोटात असूनही पिकाच्या उपयोगाची नाही अशी जमीन, म्हणजे खडक, तीव्र चढ, ओढा, ओढ्याचा काठ, या रकान्यात जाते. महसुलाच्या हिशेबात शून्य ठरलेल्या याच पट्टीत, दगडांच्या कपारीत आणि उंबर-जांभळाच्या मुळांखाली, एका प्राण्याचा संसार असतो. तो प्राणी पाणमांजर. मावळातील तुंगार्लीपासून इंदापूरपर्यंत उतरणाऱ्या पाण्याचा माग घेत, त्या पट्टीचा हा इतिहास.

२. प्रथम ओळख. पाणमांजर आणि उदमांजर हे दोन वेगळे प्राणी आहेत. उदमांजर झाडावर वावरते, फळे खाते. पाणमांजर पाण्यात मासे आणि खेकडे पकडते. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत : मोठ्या नद्या, तलाव आणि खाड्यांत कळपाने राहणारे गुळगुळीत केसांचे पाणमांजर, दक्षिणेकडील पश्चिम घाटात आणि हिमालयाच्या पायथ्याशी डोंगरी ओढ्यांत आढळणारे, खेकड्यांवर जगणारे लहान नखांचे पाणमांजर, आणि बहुधा एकटे, रात्री वावरणारे युरेशियन पाणमांजर.

३. या प्राण्याचे जुने नाव ‘उद्र’. यजुर्वेदाच्या संहितांमध्ये अश्वमेधाच्या पशूंची जी लांबलचक यादी येते, तिच्यात हा शब्द आहे. महीधराने आपल्या भाष्यात त्याचा अर्थ खेकडा असा केला. तैत्तिरीय संहितेवरील भाष्यात मात्र तो पाण्यातील मांजर असा दिला आहे. आधुनिक विद्वानांनी हा दुसरा अर्थ ग्राह्य धरला. गंमत अशी की महीधराने ज्याला उद्र मानले, तो खेकडा प्रत्यक्षात उद्राचे अन्न आहे. ग्रीक ‘हायड्रा’ आणि इंग्रजी ‘ऑटर’ हे शब्दही याच मुळाचे, आणि त्या मुळाचा संबंध पाण्याशी आहे.

४. इराणी परंपरेत हाच ‘उद्र’ शब्द अवेस्तात सापडतो, आणि तेथे त्याला विलक्षण मान आहे. वेंदिदाद या पारशी धर्मग्रंथाच्या तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणांत पाणमांजराची हत्या हे अतिशय गंभीर पाप मानले आहे. जेथे पाणमांजर मारले जाते तेथे अवर्षण पडते आणि कुरणे सुकतात, असे हा ग्रंथ सांगतो. प्रायश्चित्तांची यादी दीर्घ आहे. शेतकऱ्याला पाण्याचा पाट आणि त्या पाटावर भिजेल एवढी कसण्याजोगी जमीन दान करणे, हाही त्या प्रायश्चित्ताचा एक भाग.

५. यातील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी निरीक्षण लक्षवेधी आहे. वाहते पाणी, शेती आणि पाणमांजर या तीन गोष्टी त्या समाजाने एकाच साखळीत पाहिल्या. दक्षिणेत कन्नड आणि तमिळ भाषांनी या प्राण्याला पाण्यातील कुत्रा म्हटले, अवेस्तानेही त्याची गणना कुत्र्यांत केली. मराठीने त्याला मांजर ठरवले. नाव कोणतेही असो, त्यातून पाणी सुटत नाही.

६. दख्खनमधील पाणमांजराची आधुनिक शास्त्रीय नोंद कोणाची? कर्नल विल्यम हेन्री सायक्स हे नाव येथे महत्त्वाचे. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. जमीनधारणा, लोकसंख्या, पिके यांच्यासोबत त्यांनी प्राणी, पक्षी आणि मासेही नोंदवले. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आलेल्या त्यांच्या दख्खनी सस्तन प्राण्यांच्या यादीत पाणमांजर आहे, आणि मराठे त्याला पाण्यातील मांजर म्हणतात, अशी नोंदही आहे.

७. सायक्स यांनी त्या प्राण्याला ‘लुट्रा नायर’ हे लॅटिन नाव दिले. हे नाव फ्रेदेरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पुदुच्चेरीकडील नमुन्यावरून १८२३ मध्ये रूढ केले होते. आजच्या वर्गीकरणात ते युरेशियन पाणमांजराच्या दक्षिण भारतीय उपजातीला लागते. मात्र एकोणिसाव्या शतकात भारतातील निरनिराळ्या पाणमांजरांना तेच नाव सैलपणे लावले जाई. म्हणून केवळ नावावरून जात ठरवणे धोक्याचे. दख्खनच्या नद्यांत पाणमांजर होते, एवढे मात्र या नोंदीवरून ठामपणे म्हणता येते.

८. त्याच सायक्स यांनी दख्खनच्या माशांवरही स्वतंत्र निबंध लिहिला. आज महसीर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुदरी माशाचे शास्त्रीय वर्णन त्यांनी पुण्याजवळील मुळा-मुठेच्या नमुन्यावरून केले. शिरूरजवळच्या घोड नदीतील एका मोठ्या माशाचेही केले. या नद्या भीमेच्या खोऱ्यातील. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या भीमेच्या खोऱ्यात शिकारी प्राणी, त्याचे अन्न आणि ते अन्न वाढवणारे खोल डोह, असे सगळे चित्र एकाच निरीक्षकाच्या कागदांत आढळते.

९. याच काळात, याच प्रदेशात दुसरी एक मोजणी सुरू होती. पेशवाई संपल्यानंतर इंग्रज सरकारला शेतसारा ठरवण्याची घाई होती. प्रिंगल यांची पहिली पाहणी फसली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम केले, आणि १८३६ मध्ये तेथे नवी आकारणी लागू झाली. पुढे रयतवारीची ही ‘मुंबई पद्धत’ सर्व इलाख्यात गेली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले.

१०. या पद्धतीचा गाभा साधा होता. जमिनीचे सर्व्हे नंबर पाडायचे, मातीचा कस ठरवायचा, आणि त्यावरून आकार बसवायचा. शेतकऱ्यावर नापीक जागेचा सारा पडू नये म्हणून अशी जागा क्षेत्रातून वजा करायची. ही वजाबाकी म्हणजेच पोटखराबा. हेतू रयतेच्या हिताचा होता. परंतु त्यामुळे ओढ्याचा काठ दप्तरात प्रथम आला तोच ‘खराब’ म्हणून. त्या पट्टीवर काय उगवते, कोण राहते, तिच्यामुळे पाणी किती टिकते, हे विचारण्याचे कारणच महसूल खात्याला उरले नाही.

११. पुढील नियमांनी पोटखराब्याचे दोन वर्ग केले. शेतीला अयोग्य म्हणून वजा केलेली जमीन ‘अ’ वर्गात. सार्वजनिक उपयोगाची जमीन, म्हणजे रस्ता, पायवाट, इतर लोक ज्याचे पाणी वापरतात असा तलाव वा ओढा, ‘ब’ वर्गात. त्याखेरीज १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या विसाव्या कलमानुसार नद्या, ओढे, नाले यांची पात्रे आणि वाहते पाणी ही शासनाची मालमत्ता. पाणी शासनाचे, शेत खातेदाराचे. या दोहोंमधील झाडीच्या पट्टीचा वाली मात्र कायद्याने स्पष्टपणे नेमला नाही.

१२. आता मावळाकडे वळू. लोणावळ्याच्या उत्तरेस तुंगार्ली आहे. राजमाचीला पायी जाणारी जुनी वाट येथूनच निघते. हे गाव घाटमाथ्यावर, म्हणजे पाणलोटाच्या कण्यावर वसलेले. कण्याच्या पश्चिमेस पडलेला पाऊस उल्हास आणि पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेस पडलेला पाऊस इंद्रायणीत उतरतो, देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेस मिळतो, आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. काही पावलांच्या अंतराने थेंबाचे समुद्र बदलतात.

१३. मावळच्या लोकांनी आपला मुलूख पाण्यावरूनच ओळखला. इंद्रायणीच्या बाजूचे नाणे मावळ, आंद्रेच्या खोऱ्यातील आंदर मावळ, पवनेकाठचे पवन मावळ. शिवकाळात या खोऱ्यांचे देशमुख, त्यांचे तंटे आणि त्यांची निष्ठा यांवर राजकारण उभे राहिले, हे इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. त्या राजकारणामागचा भूगोल मात्र ओढ्यांचा होता : एक खोरे म्हणजे एक नदी, तिचे ओढे आणि त्यांवर पोसलेली भातखाचरे.

१४. भातशेतीचे हे चित्र पाणमांजराच्या दृष्टीने मुळीच प्रतिकूल नव्हते. पावसाळ्यात खाचरांतून पाणी पाझरत ओढ्यास मिळे. खेकडे, बेडूक आणि लहान मासे खाचर व ओढा यांच्यामध्ये ये-जा करत. उन्हाळ्यात ओढा तुटला तरी डोह भरलेले राहत. काठावर उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची सावली असे. ओलसर शेती आणि अखंड काठ जेथे एकत्र असतात, तेथे पाणमांजर माणसाच्या शेजारीही राहू शकते. कोकण-गोव्यात हे आजही दिसते. त्याकडे पुढे येऊ.

१५. बदलाची पहिली चाहूल रेल्वेने दिली. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि लोणावळा हे घाटमाथ्यावरील महत्त्वाचे ठाणे बनले. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे. त्यासाठी भुशीचा बंधारा झाला. पुढे तुंगार्लीचा तलाव लोणावळ्याच्या पाणीपुरवठ्याचा आधार बनला. ओढा अडवून त्याचे पाणी दुसऱ्या कामास लावण्याची सवय येथे अशी रुळली. तोवर हे प्रमाण लहान होते.

१६. मोठा बदल विजेने आणला. जमशेटजी टाटा यांच्या कल्पनेतून, त्यांच्या निधनानंतर, १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. १९११ मध्ये वळवण धरणाची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण आणि शिरोता हे जलाशय उभे राहिले. त्यांचे पाणी कालवे आणि नळांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर कोसळवून १९१५ मध्ये खोपोलीत वीज निर्माण होऊ लागली. मुंबईच्या कापडगिरण्या त्यावर चालल्या. भारतीय उद्योगाच्या इतिहासातील हे एक मोठे पाऊल होते, यात शंका नाही.

१७. परंतु ओढ्यांच्या बाजूने पाहिले तर घडले ते असे : जे पाणी पूर्वेस इंद्रायणीत उतरायचे, ते पश्चिमेस पाताळगंगेत पोहोचले. पूर्वेकडील ओढ्यांचा ओघ आटला. पश्चिमेकडील नदीस मात्र उन्हाळ्यातही विजेच्या मागणीनुसार पाणी मिळू लागले. निसर्गाने ठरवलेला पाणलोटाचा कणा अभियंत्यांनी ओलांडला. ज्या समाजाच्या धर्मग्रंथात पाणमांजराच्या हत्येने कुरणे सुकतात असे लिहिले आहे, त्याच समाजातील उद्योजकांनी हे काम केले, हा इतिहासातील निव्वळ योगायोग.

१८. पाठोपाठ आंद्रा नदीवर ठोकळवाडीचे धरण झाले आणि १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. मुळशीच्या धरणाने तर संघर्षच पेटवला. १९२१ मध्ये मावळे शेतकरी सत्याग्रहास बसले. सेनापती बापट आणि वि. म. भुस्कुटे यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली. सत्याग्रह मोडला आणि धरण झाले. १९२७ पासून मुळशीचे पाणी भिरा येथे उतरू लागले. धरणग्रस्तांच्या लढ्यांच्या जागतिक इतिहासातही मुळशीचे स्थान अगदी आरंभीचे मानले जाते.

१९. मुळशीच्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ मोजले. कंपनीने वीज मोजली, सरकारने मोबदला मोजला, सत्याग्रहींनी गावे, शेते आणि कुटुंबे मोजली. पुढे कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेस वळवल्या जाणाऱ्या पाण्यावर मर्यादा घालताना अब्ज घनफुटांत हिशेब केला. हे सर्व आकडे आवश्यक होते. त्यांत ओढ्याचा काठ कोठेही नव्हता. माणसाच्या न्यायाची लढाई ज्यांना स्वतःच लढावी लागली, त्यांच्याकडून प्राण्यांच्या नोंदीची अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.

२०. येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. धरण म्हणजे मोठे पाणी. मग पाणमांजरास ते लाभदायक का नसावे? काही ठिकाणी असते. गुळगुळीत केसांचे पाणमांजर जलाशयांत मासे पकडते. परंतु विजेच्या धरणाची पातळी सतत खाली-वर होते. उघड्या, चिखलट काठावर झाडी धरत नाही, बिळासाठी आडोसा मिळत नाही. धरणाखालचा ओढा कोरडा पडला की जलाशय आणि नदी यांच्यातील वाट तुटते. तलाव पाणमांजरास अन्न देतो. घर आणि वाट देतो तो ओढा.

२१. हीच या प्राण्याची खरी अडचण आहे. वाघास जंगलाचा तुकडा लागतो आणि तो नकाशावर रंगवता येतो. पाणमांजराचा प्रदेश रेषेसारखा असतो : काही मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर लांब. ती रेषा अभयारण्यातून निघते, मग शेतातून, गावातून, कारखान्याच्या मागून जाते. मध्ये एका ठिकाणी तुटली तरी वरचा आणि खालचा भाग एकमेकांस पारखा होतो. म्हणून केवळ जंगल राखून पाणमांजर राखता येत नाही.

२२. तमिळनाडूतील अण्णामलै पर्वतात, वालपराईच्या पठारावर, चहा-कॉफीच्या मळ्यांतील ओढ्यांवर संशोधकांनी लहान नखांच्या पाणमांजराचा अभ्यास केला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. संरक्षित वनातील ओढ्यांवर त्यांचा वावर अधिक होता, परंतु मळ्यांतील ओढ्यांवरही ती आढळली. जेथे काठाची झाडी आणि मोठे दगड शिल्लक होते, तेथे मळ्याच्या मधोमधही पाणमांजर टिकू शकते, हा त्या कामाचा मथितार्थ. शेती आहे म्हणून पाणमांजर नाही, असे समीकरण मांडता येत नाही.

२३. शेती कोणत्या वाटेने मारक ठरते, हे इंग्लंडने दाखवले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे बियाण्यांवर आणि मेंढ्यांवर डिल्ड्रिनसारखी कीटकनाशके वापरली जाऊ लागली. विष पाण्यात, पाण्यातून माशांत, माशांतून पाणमांजरात साठत गेले. १९७७-७९ च्या पाहणीत इंग्लंडमधील २,९४० ठिकाणांपैकी केवळ १७० ठिकाणी पाणमांजराच्या खुणा मिळाल्या. त्या विषांवर बंदी आल्यावर, नद्या सुधारल्यावर, हळूहळू प्राणी परतले. २०११ पर्यंत ते इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत पोहोचले.

२४. जपानची कथा अशी सुखान्त नाही. तो भातशेतीचा, डोंगरी ओढ्यांचा देश. या अर्थाने मावळच्या अधिक जवळचा. तेथे पाणमांजर प्रथम कातड्यासाठी मारले गेले. मग प्रदूषण वाढले आणि नद्यांचे काठ सिमेंटने बांधले गेले. १९६५ मध्ये त्यास विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला. १९७९ मध्ये कोची प्रांतात त्याचे शेवटचे खात्रीशीर दर्शन झाले, आणि २०१२ मध्ये शासनाने ते नामशेष झाल्याचे घोषित केले. प्राण्यास सर्वोच्च सन्मान दिला. त्याच्या काठास दिला नाही.

२५. जवळचे आश्वासक उदाहरण गोव्यात आहे. मांडवीच्या मुखाजवळील चोडण बेटावर आणि आसपासच्या खाजण जमिनींत गुळगुळीत केसांची पाणमांजरे राहतात. खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली, मानशीच्या दारांतून पाणी आत-बाहेर सोडणारी शेती. गावकऱ्यांनी शतकानुशतके सांभाळलेली. तेथे भात, मासे, खारफुटी आणि पाणमांजर एकत्र नांदतात. मासे पळवतात म्हणून मच्छीमारांची नाराजीही तेथे आहे. सहजीवन म्हणजे भांडण नसणे असा अर्थ नव्हे.

२६. महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील खाड्या आणि दोडामार्ग तालुक्यातील तिळारीचे खोरे पाणमांजरांसाठी ओळखले जाते. २०२० मध्ये तिळारीचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. परंतु तेथेही नदी राखीव क्षेत्राच्या सीमेवर थांबत नाही. ती बागायतींमधून, गावांमधून, राज्याची सीमा ओलांडून गोव्यात जाते. वनखात्याचा अधिकार संपतो तेथून पुढे तिचे भवितव्य पुन्हा शेताच्या काठावरच अवलंबून राहते.

२७. आणि पुणे जिल्हा? अलीकडेच इंदापूर परिसरात खोल विहिरीत पडलेले एक पाणमांजर बचाव पथकाने बाहेर काढले. ते युरेशियन जातीचे निघाले. इंदापूर उजनीच्या पाणफुगवट्यावर आहे, आणि उजनीत इंद्रायणीचे उरलेसुरले पाणी भीमेतून पोहोचते. दोनशे वर्षांपूर्वी सायक्स यांनी ज्या दख्खनमध्ये पाण्यातील मांजर नोंदवले, तेथे ते अजून आहे. ज्या तालुक्यात नव्या मोजणीची पद्धत प्रथम घडली, तेथेच ते सापडले, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

२८. तुंगार्लीचे आजचे चित्र सर्वांसमोर आहे. बंगले आणि हॉटेले डोंगरउतारावर चढली. अनेक ठिकाणी ओढ्यांना दगडी भिंती आल्या, काही नळांत बंदिस्त झाले. मावळच्या खेड्यांत उन्हाळ्यातील डोहांवर पंप बसले. विषारी पूड वा स्फोटके वापरून मासे मारण्याचा प्रकारही ग्रामीण भागास अपरिचित नाही; त्यात डोहातील सगळेच जीव संपतात. जलसंधारणाच्या नावाखाली ओढे यंत्राने सरळ आणि खोल केले की दगड, कपारी आणि मुळे एका दिवसात नाहीशी होतात.

२९. कायदा प्राण्याच्या बाजूने भक्कम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आळा घातला. २०१९ मध्ये गुळगुळीत केसांच्या आणि लहान नखांच्या पाणमांजरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्यात आला. २०२२ च्या दुरुस्तीने भारतातील पाणमांजरांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले. दुसऱ्या बाजूला महसूल नियमांतील बदलांनी ‘अ’ वर्गाचा पोटखराबा लागवडीखाली आणून तशी नोंद करण्याची वाट मोकळी केली. एक कायदा रहिवाशास वाचवतो, दुसरा त्याचे घर शेतात मोजतो.

३०. शेतकऱ्यास यात खलनायक करणे सोपे आणि चुकीचे आहे. मावळने मुंबईच्या विजेसाठी जमीन दिली, मुळशीने सत्याग्रह करूनही गमावली. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीस विरोध करताना बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्यू पावले. दुसऱ्यांच्या गरजेसाठी आपले पाणी जाते, ही येथील शंभर वर्षांची आठवण आहे. तीन एकर खाचर असलेल्या कुटुंबास काठाची चार गुंठे सोडा, असे फुकट सांगणारे संवर्धन त्याच मालिकेतील पुढचे प्रकरण ठरेल.

३१. मग मार्ग कोणता? पहिला दप्तराचा : ओढ्याकाठच्या पट्टीस खराबा न म्हणता तिचा स्वतंत्र उल्लेख, आणि ती राखणाऱ्या खातेदारास मोबदला. दुसरा पाण्याचा : धरणांखाली उन्हाळ्यात ओढ्यापुरता ओघ, आणि प्रत्येक गावात निदान एक डोह उपशापासून मुक्त. तिसरा कामाचा : जलसंधारणात गाळ काढावा, पण काठाची मुळे आणि मोठे दगड हलवू नयेत. इंद्रायणीच्या तीर्थक्षेत्री डोहांतील मासे न मारण्याची रीत होती. राखीव डोहाची कल्पना मावळास परकी नाही.

३२. यातून केवळ पाणमांजर वाचेल असे नाही. काठाची मुळे पुरात बांध धरून ठेवतात, सावली डोहाचे पाणी टिकवते, आणि टिकलेले पाणी शेजारच्या विहिरीत उतरते. ‘इंद्रायणी’ हे भाताचे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिले. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून घडलेल्या त्या तांदळाने नदीचे नाव घरोघरी पोहोचवले. नाव ताटात आले. नदीचा काठ अजून पोटखराब्याच्याच रकान्यात आहे.

३३. १८३६ च्या मोजणीने एक पट्टी हिशेबातून वजा केली, तेव्हा तिच्यात द्वेष नव्हता. शेतकऱ्यावरचा बोजा कमी करणे हाच हेतू होता. त्या वजाबाकीस आता जवळपास दोन शतके होत आली. तुंगार्लीच्या कण्यावरून आजही पाऊस दोन्ही समुद्रांकडे उतरतो. पूर्वेच्या वाटेवर, इंदापूरपर्यंत, पाणमांजरास चालत जाता येईल असा सलग काठ उरला आहे का, हे गावनिहाय नकाशावर तपासणे शक्य आहे. ते काम तलाठी दप्तर, शाळा आणि ग्रामसभा मिळून एका उन्हाळ्यात करू शकतात.

(धागा समाप्त)